सत्कार चालू असताना झालेला गोल

मी अकोल्याची, नवरा अमरावतीचा. आमच्या लग्नाच्या वेळी पत्रिका पाहिली, गोत्र पाहिलं, नात्यातल्या चार लोकांना घराणं विचारलं, पण दोन्हीकडचे फुटबॉल क्लब कोणी विचारलेच नाहीत. ती चूक गेली तेवीस वर्षं आम्ही दोघं भोगतो आहोत. नवऱ्याची नोकरी अकोल्यात, त्यामुळे मला गाव सोडावं लागलं नाही आणि क्लबही सोडावा लागला नाही. तो मात्र अन्न अकोल्याचं खातो आणि शिट्टी अमरावतीसाठी वाजवतो.

माझं माहेर मैदानाच्या मागच्या गल्लीत. चेंडू आमच्या अंगणात यायचा आणि तो परत द्यायच्या निमित्तानं मी मैदानावर जायचे. एकदा गेले ती तिथलीच झाले. आज मी शाळेत मराठी शिकवते, केस पिकलेत, गुडघा कुरकुरतो, तरी आमच्या क्लबचा सामना असला की पूर्वेच्या पायऱ्यांवर तिसऱ्या ओळीत माझी जागा ठरलेली. सुरुवातीला लोक वळून पाहायचे. आता मी आले नाही तरच पाहतात.

दर डिसेंबरात अकोल्याच्या आणि अमरावतीच्या क्लबांचा एक सामना होतो. एक वर्ष त्यांच्या मैदानावर, एक वर्ष आमच्या. अमरावतीत सामना वेळेवर सुरू होतो आणि आम्ही वेळेवर हरतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, खेळात हारजीत चालायचीच. माझं दुखणं अकोल्यातल्या सामन्याचं आहे. आमच्याकडे सामना धड होतच नाही. आमच्याकडे सत्कार होतो.

पत्रिकेवर वेळ साडेतीनची असते. साडेतीनला दोन्ही संघ कपडे करून मैदानात उभे राहतात. मग मांडवात सोफ्यांवर बसलेल्या समितीचा सत्कार सुरू होतो. आमच्या क्लबच्या समितीत एकेचाळीस माणसं आहेत. खेळणारे अकरा, त्यांना चालवणारे एकेचाळीस. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, दोन शब्द आणि फोटो. फोटोत डोळे मिटले गेले तर पुन्हा फोटो. तोवर खेळाडू पाय झाडत उभे, पंच घड्याळ पाहून पाहून थकलेला. चेंडूला पहिली लाथ बसते ती पाचला. डिसेंबरातलं ऊन ते केवढं! दुसऱ्या अर्धात दहा मिनिटं झाली की गोलकीपरला चेंडू दिसत नाही आणि आम्हाला गोलकीपर दिसत नाही. मैदानावर दिवे नाहीत. पंच सामना थांबवतो, शून्य-शून्य, आणि निकाल नाणेफेकीवर.

नाणेफेकीचा कौल आमच्याकडून अध्यक्ष मागतात. तो मान त्यांनी स्वतःकडे ठेवलाय. ते नेहमी ‘छापा’च म्हणतात, कारण काटा म्हणणं त्यांना अशुभ वाटतं. मला आठवतं तेव्हापासून पडलाय तो काटाच.

घरी आल्यावर नवरा चप्पल काढता काढता म्हणायचा, “तुमच्यावाल्या क्लबले चेंडूचं कामच नाही. एक नानं घ्या अन् बसा घरी.”

मग मी भाजी तिखट करायची.

मला एकच गोष्ट हवी होती, आणि ती मी कोणापासून लपवली नाही. आमच्या मैदानावर, उजेडात, पूर्ण वेळ खेळून आमचा क्लब अमरावतीला हरवताना मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं. आणि त्या वेळी समोरच्या पायऱ्यांवर नवरा बसलेला हवा होता. त्यापुढे मला देवाकडे काही मागायचं नव्हतं. निदान क्लबच्या बाबतीत तरी.

अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नाहीत, हे आधी सांगते. सरकी-ढेपेचा मोठा व्यापार आहे, स्वभावानं मोकळे आहेत, कोणाच्याही दुःखात धावून जातात. फक्त फुटबॉल त्यांना कळत नाही. पहिल्या वर्षी सामना चालू असताना त्यांनी मला विचारलं होतं, “मॅडम, यातले आपले कोन्ते?” पुढच्या वर्षी त्यांनी खेळाडूंना नवीन जर्सी दिल्या. छातीवर त्यांचा स्वतःचा फोटो. मग सचिवांनी खेळाडूंना बजावलं की चेंडू छातीवर घ्यायचा नाही, साहेबांच्या तोंडावर बसतो. त्या सबंध मोसमात आमची पोरं उंच आलेला चेंडू पाहिला की बाजूला व्हायची.

सचिवांचीही एक गोष्ट सांगते. गोलाच्या जाळ्या त्यांच्या घरी ठेवायला दिल्या होत्या. त्यांच्या बायकोनं त्यांवर वालाचा वेल चढवला. मोसमातल्या एका साध्या सामन्याच्या दिवशी सचिव म्हणाले, “आता शेंगा लागल्या हो, कसं काढता?” तो सामना आम्ही जाळीविना खेळलो आणि प्रत्येक गोलानंतर अर्धी टीम चेंडू आणायला रस्त्यावर पळायची.

हे सगळं मी आणि टेलरचाचा शेजारी बसून पाहत आलो. टेलरचाचा आमच्या पायऱ्यांवरचे सगळ्यांत जुने चाहते. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, क्लबच्या जर्सीवर आकडे तेच शिवतात. अध्यक्षांचा फोटो छापायला दुसरीकडे दिला, नाहीतर त्यांनी तो पाठीमागे शिवला असता. चाचांना राग आला की ते अदबीनं बोलायला लागतात. “या साहेबलोकांले अल्ला लंबी उमर देवो,” ते म्हणायचे, “पन कुठी दुसरीकडं देवो.”

मागच्याच्या मागच्या वर्षी आम्ही दहा-बारा जणांनी ठरवलं, निवेदन द्यायचं. लिहिलं मीच. शुद्ध, सडेतोड, तीन मागण्या: सामना वेळेवर सुरू करा, सत्कार सामन्यानंतर ठेवा, जाळ्या वेलाखालून काढा. अध्यक्षांच्या पेढीवर गेलो. त्यांनी आम्हाला चहा पाजला, निवेदन दोन्ही हातांनी घेतलं आणि सचिवांना म्हणाले, “फोटो काढा.” दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो होता. मी पुढे, हातात कागद, अध्यक्ष हसतायत. खाली लिहिलं होतं, चाहत्यांकडून समितीच्या कार्याचा गौरव.

मी तो पेपर घेऊन तडक चाचांच्या दुकानात गेले. माझा आवाज चढला होता. “चाचा, या लोकांना गौरवाशिवाय दुसरं काही कळतच नाही का?”

चाचांनी मशीन थांबवलं. “नाई कळत, मॅडम. मंग तेच द्या ना त्याईले.”

ते सहज बोलले होते. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला.

मैदानाच्या पश्चिमेला भिंतीला लागून एक सभागृह आहे. सामन्याच्या दिवशी दुपारी तीन वाजता, त्या सभागृहात, चाहत्यांतर्फे संपूर्ण समितीचा जाहीर सत्कार ठेवायचा. एकेचाळीस माणसं, माणशी तीन मिनिटं, म्हणजे दोन तास. आमचा सामना पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन अर्धांचा, म्हणजे इकडे साडेतीनला सुरू, पाचच्या आत संपला. पंच बाहेरगावचे असतात. त्यांना फक्त एवढंच सांगायचं की वेळेवर शिट्टी मारा. आपल्याशिवाय सामना सुरू होत नाही, हे समिती धरूनच चालते. समिती पाचला बाहेर येईल तेव्हा सगळं उरकलेलं असेल. शाळेत गणिताच्या बाई सुट्टीवर असल्या की मी तास घेते, तेव्हा एवढा हिशोब मला येतो.

चाचा खूश झाले. बाकीचेही झाले. समितीला विचारलं तर अध्यक्षांचे डोळे भरून आले. “इतक्या वर्षांत आमचा सत्कार आमालेच करा लागे,” ते म्हणाले. तेव्हा मला क्षणभर वाईटही वाटलं.

पत्रिका छापायला चाचांनी नेहमीच्या छापखान्यात टाकल्या. छापून आल्या, वाटल्याही गेल्या, आणि मग एक माझ्या हातात पडली. खालच्या ओळीत ‘सूत्रसंचालन’ असं होतं आणि त्यापुढे माझं नाव. मी कोणाला सांगितलं नव्हतं, चाचांनीही नाही. पण या गावात गेली पंधरा वर्षं ज्या कार्यक्रमाची पत्रिका छापली जाते त्यात ती ओळ तशीच असते. छापखानेवाल्याला वेगळं सांगायची गरजच वाटली नव्हती. आणि आम्हा दहा-बारा शहाण्यांपैकी एकानंही हा विचार केला नव्हता की सत्कार म्हटला की माइकवर कोणीतरी लागतं.

मी चाचांना म्हटलं, “दुसरं कोणी पाहा. मला सामना पाहायचाय. मी त्याचसाठी तर हे सगळं...”

चाचा खाली पाहत म्हणाले, “मॅडम, दोन तास त्या एकेचाळीस जनाईले खुर्चीवर कोन बसून ठेवीन? मी बोललो तं पाच मिन्टांत भांडन होईन.”

मी आणखी दोघांना विचारलं. एक म्हणाला घसा बसलाय. दुसरा म्हणाला तुमच्यासारखं आमाले जमत नाई. आणि अध्यक्षांचा फोन आला तो वेगळाच: “मॅडम हायेत म्हनजे कार्यक्रम रंगते. तुमी नसत्या तर मी आलोच नसतो.” आपल्याच हातानं विणलेल्या जाळ्यात आपण अडकावं म्हणजे काय, ते मला त्या फोनवर कळलं. मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, चाचांचाही राग आला.

सामन्याच्या दिवशी तीनला समिती झाडून हजर. वर्षभर सामन्याला जे येत नाहीत तेही आले होते. सभागृहाला मैदानाच्या बाजूनं एकच मोठी खिडकी आहे. मी मनात धरून होते की स्टेजवरून तिरकी मान केली तर उत्तरेचा गोल दिसेल. जाऊन पाहते तो खिडकीवर अख्खं फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर अध्यक्ष. चाचांनीच लावून घेतलं होतं, समितीला मैदान दिसू नये म्हणून. बरोबरच होतं त्यांचं.

मी माइक हातात घेतला आणि साडेतीनला भिंतीपलीकडून पंचाची शिट्टी ऐकू आली. वेळेवर. आमच्या मैदानावर वेळेवर वाजलेली ती शिट्टी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, आणि तेव्हा मी म्हणत होते, “यानंतर उपाध्यक्ष क्रमांक चार.”

नारळ आम्ही पंचवीसच आणले होते आणि शाली दहा. सत्कार झालेला माणूस डाव्या जिन्यानं उतरला की आमच्यातला एक जण “ठेवतो नीट” म्हणून त्याच्या हातातलं सगळं काढून घ्यायचा आणि मागून उजव्या जिन्यानं परत वर पाठवायचा. हे छान चाललं होतं. पण सव्वाचारच्या सुमारास एका सदस्यानं नारळ सोडायला नकार दिला, त्याचं पाहून पुढच्यांनीही मांडीवर घट्ट धरून ठेवले. मग खेळाडूंसाठी आणलेली वरूडच्या संत्र्यांची पेटी फोडली. माझ्या तोंडून निघून गेलं, “आता वऱ्हाडच्या मातीचं फळ देऊन सत्कार,” आणि त्यावर टाळ्या पडल्या. ज्यांना नारळ मिळाला होता त्यांचे चेहरे उतरले. आपल्याला संत्रं का नाही, म्हणून दोघं मागं येऊन विचारून गेले.

पहिला गोल मी ‘कार्यतत्पर’ या शब्दावर असताना झाला. भिंत हादरली. आमचा होता, पूर्वेच्या पायऱ्यांची आरोळी मी झोपेतही ओळखीन.

अध्यक्षांनी दचकून विचारलं, “काय झालं, मॅडम?”

“आपल्या सत्काराची बातमी मैदानावर पोचली, साहेब,” मी म्हटलं.

त्यांनी उभं राहून भिंतीला नमस्कार केला.

मग बराच वेळ नुसता गोंगाट. मी एकेकाचा परिचय वाचत होते आणि कान भिंतीला लावून होते. पुढे एक बारीकसा गलका झाला, आणि त्यात दोन बोटं तोंडात घालून मारलेली एक लांब शिट्टी. ती शिट्टी तेवीस वर्षं माझ्या घरात राहते. बरोबरी झाली होती. माझा पुढचा परिचय फार वाईट झाला. माणसाचं आडनावच चुकलं.

पावणेपाचला यादी संपत आली. सचिव घड्याळ पाहू लागले. “आता चला मैदानावर. सामना सुरू करायचा नं?” अजून दहा मिनिटं तरी हवी होती. हे लोक आत्ता बाहेर पडले की सामना थांबवून खेळाडूंची ओळखपरेड करणार, पुन्हा अंधार, पुन्हा छापा. मी माइक अध्यक्षांच्या हातात दिला आणि म्हटलं, “मनोगत.” त्यांनी लहानपणापासून सुरुवात केली. एरवी त्यांचं भाषण सुरू झालं की मी शाळेच्या वह्या तपासायला काढते. त्या दिवशी मनात म्हटलं, साहेब, बोला, तुमच्या आजोबांपासून बोला.

ते सातवीपर्यंत आले आणि अचानक थांबले. माझ्याकडे वळले. “आपन सगळ्याईचा सत्कार झाला,” ते म्हणाले, “पन ह्या माउलीचा कोनीच नाही केला.” एकेचाळीस माणसं उभी राहिली. कोणीतरी शाल पुढे केली, मांडीवरचा एक नारळ आपणहून बाहेर आला. त्यांनी माझ्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला आणि सगळे माझ्याभोवती फोटोला दाटीवाटीनं उभे राहिले. मला हलता येईना.

आणि भिंतीपलीकडे आरोळी उठली. ती खाली आलीच नाही. वाढतच गेली, मग ढोल, मग पंचाची लांब शिट्टी, मग पुन्हा आरोळी. जिंकलो होतो. उजेडात, पूर्ण वेळ खेळून, अमरावतीवर. आणि मी त्यापासून एका विटेच्या अंतरावर शाल पांघरून उभी होते. मला हुंदका आवरेना. मी सरळ रडले. अध्यक्षही रडले. पेपरात तो फोटो मोठा आला: सत्कारानं भारावलेल्या शिक्षिका.

समिती मैदानावर गेली तेव्हा लोक नाचत होते. अध्यक्षांनी ते आपल्या स्वागताला समजून हात उंचावला. जवळच्या एकाला विचारलं, “सुरू कधी करता?” तो म्हणाला, “संपला, साहेब. आपन जिंकलो.” अध्यक्ष सचिवांकडे वळून म्हणाले, “पाहा, मी म्हनलं होतं.” काय म्हटलं होतं ते कोणी विचारलं नाही. टेलरचाचा मला पाहून धावत आले आणि मोबाइल पुढे केला. त्यावर त्यांनी शेवटचा गोल घेतला होता. चेंडू गोलाकडे निघेपर्यंत नीट आहे. मग चाचा मोबाइलसकट नाचले आहेत.

नवरा फाटकाजवळ उभा होता. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा मारेल. त्यानं फक्त माझ्या हातातला नारळ घेतला.

“पाह्यला नाई तू?”

“नाही.”

“एकबी?”

“नाही म्हटलं ना.”

घरी आलो. जेवायला बसल्यावर भाकरी मोडता मोडता म्हणाला, “तुमचा तो डाव्या बाजूचा पोरगा. शेवटचे दोन मिन्टं राह्यले होते.” मी वाढायची थांबले. तो आपल्याच क्लबवर झालेला गोल सांगत होता. “अर्ध्या मैदानातून निंघाला तो. आमचे दोघं त्याच्या अंगावर गेले, दोघाईच्या मधून काढला त्यानं. मंग आमचा गोलकीपर उगाच पुढं आला...”

“उगाच कशाला?” मी म्हटलं. “यावंच लागलं असेल त्याला. डावीकडून एकटा आला तर गोलकीपर पुढे येणारच.”

“तू होती काय तिथं?”

नेहमीच्या सवयीनं तो बोलून गेला. मग ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. मी वरणाची पळी हातात घेऊन उभी होते आणि माझे डोळे पुन्हा भरले. या वेळी अध्यक्ष नव्हते, फोटोही नव्हता.

त्यानं ताट थोडं बाजूला सरकवलं, मला बसायला जागा केली.

“बस,” तो म्हणाला. “थांब, पयल्यापासून सांगतो. पंचानं साडेतीनले शिट्टी मारली...”